चूल, कुऱ्हाड आणि आईचा जबाब

आमच्या घरात गॅस नव्हता, पण ते ऐपतीवाचून अडलं नव्हतं. दारात मोटरसायकल होती, रानातल्या बोअरला मोटर होती, टीव्ही होता. चाकणच्या पुढं, एमआयडीसीच्या कुंपणाच्या भिंतीला लागून आमचं गाव. गावातल्या बहुतेक घरांत शेगड्या आल्या होत्या. शेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी कंपनीतली पोरंसुद्धा लहान सिलिंडरवर खिचडी शिजवायची. आमच्याकडे मात्र चूल. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, एकदाच सांगून ठेवलं होतं, "माज्या घरात ती टाकी येनार न्हाई." का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

तात्या मारायचे. आईला मारायचे, आणि मी मध्ये पडले तर मलाही. मी त्यांची एकुलती एक. हाताला लागेल त्यानं मारायचे, आणि स्वयंपाकघरात हाताला पहिली लागायची ती फुंकणी. लोखंडी नळीची फुंकणी होती आमची, एका टोकाला जळून काळी पडलेली. तिनं आई जाळ फुंकायची आणि तिनंच मार खायची. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून, पाहुण्यांसमोर हसली म्हणून, कधी कशासाठीच नाही. आईच्या पाठीवर वळ असायचे. अंघोळीच्या वेळी मी पाणी घालायला गेले की ती म्हणायची, "बघू नगं, पानी घाल."

मार खाऊन झाला की ती पदरानं तोंड पुसायची आणि परत चुलीपुढं बसायची, कारण भाकरी तव्यावर असायची. माझ्या लहानपणाचा हा रोजचाच देखावा होता, त्यामुळं घर म्हणजे असंच असतं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मी शाळेत होते तेव्हा आई गोवऱ्या थापायची आणि बांधावरच्या बाभळींच्या फांद्या तोडून आणायची. पुढं बहुतेक बांधच राहिले नाहीत. कंपन्यांच्या भिंती आल्या, बाभळी गेल्या, गुरं विकली. मग गावातल्या बायका कंपन्यांच्या मागच्या गेटातून भंगारात निघालेली पॅलेटची लाकडं आणू लागल्या. माल ठेवायच्या त्या लाकडी चौकटी. खिळे ठोकलेल्या, कुठं कसलासा हिरवट रंग मारलेला, कुठं सांडलेलं ऑइल मुरलेलं. ते लाकूड पेटायचं चांगलं, पण त्याचा धूर घशात चिकटायचा. डोळे असे झोंबायचे, की जणू कुणी मिरची चोळली. राखेतून खिळे वेचून काढायला लागायचे. आईच्या तळहातांना कायम कुठंतरी खिळा लागलेला असायचा.

मी बारावी झाले आणि जवळच्या एका कंपनीत लाइनवर लागले. गाड्यांच्या वायरी बांधायचं काम. शिफ्ट संपवून घरी आले की लांबूनच आईचा खोकला ऐकू यायचा. आधी सकाळचा असायचा, मग दिवसभराचा झाला. विहिरीवरून हंडा आणताना ती वाटेत दोनदा खाली ठेवायची. एका गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, तात्या बाजारला गेल्यावर मी तिला चाकणला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, फोटो काढायला लावला, फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मावशी, विडी किती वर्षं ओढताय?"

आईला आधी कळलंच नाही. मग तिला हसू आलं. हसता हसता ढास लागली आणि ती खुर्चीच्या हाताला धरून वाकली. डॉक्टर माझ्याकडं पाहायला लागले. मी म्हटलं, "चूल आहे आमच्याकडे. पॅलेटचं लाकूड."

"मग औषध मी देईन," डॉक्टर म्हणाले, "पण ती चूल चालू असेपर्यंत माझ्या औषधाचा काही उपयोग नाही, हे तुम्हीच समजून घ्या."

परतताना सहा आसनी रिक्षात आईनं फोटोचं पाकीट पदराखाली धरलं होतं. उतरल्यावर म्हणाली, "तात्यांना सांगू नगंस." मी विचारलं, "कशाचं? खोकल्याचं का गॅसचं?" ती म्हणाली, "दोन्हीचं."

मी चुलतीकडं गेले. चुलत्यांचं घर आणि आमचं घर एकाच अंगणात, मध्ये भिंत एक. चुलत्यांचं डोकं थंड, ते कंपनीत वॉचमन होते आणि घरात कमीच असायचे. चुलतीकडं गॅस होता. मी तिला विचारलं, तात्यांचं गॅसशी एवढं वैर कशासाठी? चुलतीनं दार लोटलं आणि मला शेजारी बसवलं.

तात्यांना एक धाकटी बहीण होती, हे मला ठाऊक होतं. फोटो नव्हता, नाव कुणी काढायचं नाही. ती वारली एवढंच माहीत. चुलतीनं सांगितलं ते असं. आत्याला भोसरीकडं दिली होती. सासरी घासलेटचा स्टोव्ह होता. एके दिवशी सांगावा आला, की स्टोव्ह भडकला, पोरगी भाजली. तात्या धावत गेले. बहीण ओळखू येत नव्हती. तात्यांनी तिला स्वतःच्या हातांनी टेम्पोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथं पोलीस जबाब घ्यायला आले. सगळ्या आळीला माहीत होतं, की नवरा आणि सासूनं मिळून काय केलं ते. पण आत्याची लहान मुलगी त्याच घरात होती. आत्यानं सांगितलं, "स्टोव्ह भडकला. कुनाचा दोष न्हाई." मग ती गेली.

"तुझ्या बापानं तिच्या तोंडाला कान लावला व्हता," चुलती म्हणाली. "त्याला वाटलं, आता तरी खरं बोलंल. तिनं दुसऱ्यांदा बी तेच सांगितलं. तवापासनं त्यो स्टोव्ह बघू शकत न्हाई, गॅस बघू शकत न्हाई. चावी फिरवली की भडकनारं काय बी नगं म्हनतो घरात."

मी म्हटलं, "आणि आईला मारतात ते?"

चुलती म्हणाली, "त्याचं मला काय ठावं? बहिनीला जाळली म्हनून रडनारा मानूस बायकोला का मारतो, ते त्यालाच इचार."

मी विचारलं नाही. मी आईचं आधार कार्ड घेऊन एजन्सीत गेले. कनेक्शन आईच्या नावावर मिळालं, मोबाईल नंबर माझा दिला. शेगडी, सिलिंडर, नळी, रेग्युलेटर सगळं आलं आणि ते आम्ही चुलतीच्या स्वयंपाकघरात ठेवलं. तिची शेगडी ओट्याच्या एका टोकाला, आईची दुसऱ्या टोकाला.

त्यानंतर काही महिने आमच्या घरात एक नाटक चाललं होतं. तात्या सकाळी रानात गेले, की आई आमच्या चुलीत एक ओलसर ओंडका सारून ठेवायची. तो धुमसत राहायचा, धूर धाब्यावरून वर जायचा आणि रानातून दिसायचा. आई पीठ आणि तवा घेऊन भिंतीपलीकडं जायची. चुलतीच्या ओट्याशी उभं राहून भाकऱ्या करायची. तिला उभ्यानं भाकरी थापायची सवय नव्हती, आधी कडा फाटायच्या. मग जमलं. भाकरी टोपलीत घालून, फडक्यात गुंडाळून परत आमच्या चुलीशेजारी आणून ठेवायची. तात्या जेवायला बसायचे. एकदा म्हणाले, "आज भाकर पापुद्र्याची झाली." आई मान खाली घालून वाढत होती. भिंतीपलीकडं चुलती तोंडात पदर घालून हसत होती, ते मला ऐकू येत होतं.

आईचा खोकला कमी झाला. पूर्ण गेला नाही, पण हंडा ती आता एकाच दमात आणायची. डोळ्यांतला लाल रंग उतरला. तिचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. अंघोळीचं पाणी मात्र अंगणातल्या चुलीवरच तापायचं, ते लपवायचं कारण नव्हतं.

हे उघडं पडलं ते एका गुरुवारी सकाळी. मी घरी होते. सिलिंडर पोचवणारा माणूस नवीन होता. त्यानं भरलेला सिलिंडर चुलतीच्या घरात नेऊन आईच्या शेगडीला जोडला, साबणाच्या पाण्यानं तपासला, रिकामा खांद्यावर घेतला आणि निघाला. अंगणाच्या तोंडाशी त्याला तात्या भेटले. ते डेअरीतून दूध घेऊन येत होते. माणूस चांगुलपणानं म्हणाला, "काका, काकूंचा सिलिंडर लावून दिलाय, बरं का. चेक करून दिलाय."

"कुठल्या काकूंचा?"

"तुमच्या घरातल्याच की. बाजूच्यांचा नव्हता आज, पावतीवर तुमच्या घरचंच नाव होतं."

तात्यांनी दुधाची किटली खाली ठेवली. ती हळूच ठेवली, दूध सांडू दिलं नाही. मी ओसरीवरून पाहत होते. तात्या ओरडायचे तेव्हा एकवेळ चालायचं, गप्प झाले की काही खरं नसायचं.

आई अंगणातल्या चुलीशी बसून पाण्याखाली जाळ घालत होती. तात्या तिच्या मागं गेले. तिचा बुचडा धरून तिला मागं ओढली. ती पाठीवर पडली. "कवापासनं?" त्यांनी विचारलं. त्यांनी फुंकणी उचलली. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा तिनं वर केलेल्या हातावर. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. "कवापासनं म्हनतो मी! मला येडा केला व्हय तुमी समद्यांनी? त्या आगीत शिजलेलं खायला घातलं मला?"

मी धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी कोपर मागं मारलं ते माझ्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, दात हलला, तोंड रक्तानं भरलं. मी खाली बसले. चुलती दारात उभी राहून आरडत होती. तात्यांनी तिला बाजूला ढकललं आणि आत घुसले. ओट्यावरून काहीतरी खाली कोसळलं, भांडी वाजली. मग ते बाहेर आले. एका हातानं सिलिंडर कडीला धरून फरफटत आणत होते आणि मागं नळीला लटकलेली शेगडी दगडांवर आपटत येत होती. आईची शेगडी. ती रोज भाकऱ्या झाल्यावर आरसा पुसावा तशी पुसून ठेवायची ती.

अंगणाच्या मध्ये त्यांनी सिलिंडर आडवा टाकला. लाकडं फोडायची कुऱ्हाड चुलीजवळच्या ढिगात रुतलेली होती. ती उपटली.

"तात्या, नको! तात्या, गॅस आहे!" मी ओरडले. तोंडातल्या रक्तानं शब्द नीट फुटत नव्हते.

पहिला घाव लोखंडावर बसून उडाला, ठिणगी पडली. दुसरा रेग्युलेटरवर बसला. रेग्युलेटर फुटला, पण त्याचा खालचा तुकडा सिलिंडरच्या तोंडात तसाच अडकून राहिला. फुस्स नव्हे, एखादी गाडी ब्रेक लावून थांबावी तसा कर्कश आवाज झाला आणि सिलिंडरच्या तोंडातून पांढरं धुकं बाहेर पडलं. ते वर गेलं नाही. जमिनीला चिकटून, पाण्यासारखं, सगळ्या अंगणात पसरायला लागलं. कंपनीत आम्हाला सेफ्टीचं शिकवताना सांगितलं होतं, की गॅस खाली बसतो आणि विस्तव शोधत जातो. अंगणाला उतार होता. उताराच्या टोकाला आमची चूल होती आणि चुलीत पॅलेटचं लाकूड धडधडत होतं.

मी ओरडले, "आई, चूल! चूल विझव!"

आई त्या चुलीच्या सगळ्यात जवळ पडली होती. ती उठली. मोडका हात लोंबत होता. दुसऱ्या हातानं तिनं तापलेला हंडा कलंडवला. उकळतं पाणी चुलीत पडलं. वाफेचा लोट उठला, राख उडाली, जाळ बसला. मला वाटलं, झालं. पण एका लाकडाचं टोक चुलीच्या बाहेर होतं आणि ते लाल होतं. आईनं ते पाहिलं. ते पायानं राखेत ढकलायला ती वाकली आणि तेवढ्यात धुकं तिच्या पायाशी पोचलं.

भपका झाला. आवाज मोठा नव्हता, कुणीतरी खूप मोठी चादर झटकावी तेवढाच. अंगणभर निळी आग धावली आणि लगेच पिवळी झाली. माझ्या भुवया गेल्या. आईची साडी नायलॉनची होती. ती पेटली नाही, ती वितळली आणि मग पेटली.

तात्या सिलिंडरच्या मागं, धुक्याच्या वरच्या कडेला होते. त्यांच्या हातातून कुऱ्हाड गळाली. ते आगीतून चालत आईकडं गेले. धावलेसुद्धा नाहीत, चालत गेले, असं मला आठवतं, पण कदाचित ते धावलेही असतील. त्यांनी तिला मिठीत घेतली आणि जमिनीवर लोळवली. तिच्या अंगावरचं जळतं कापड हातांनी ओरबाडून काढत होते, त्यांच्या हाताची कातडी त्या कापडाबरोबर निघत होती आणि ते ओरडत होते, "बाय! ए बाये! बाये!" आईला त्यांनी जन्मात कधी तशी हाक मारली नव्हती. चुलतीनं मला नंतर सांगितलं, की ते बहिणीला बाय म्हणायचे.

चुलतीनं गोधडी ओली करून टाकली. सिलिंडरच्या तोंडाला माणसाएवढा जाळ लागला होता आणि तो गरजत होता. भाड्याच्या खोल्यांतली पोरं, रात्रपाळी करून आलेली, अर्ध्या कपड्यांवर धावत आली. कंपनीच्या फायरची गाडी येईपर्यंत ती लांबून बादल्यांनी सिलिंडरवर पाणी मारत राहिली. त्यांनी तसं केलं नसतं, तर दोन्ही घरं गेली असती.

आईला टेम्पोत घालून पिंपरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. चाकणच्या चौकात कंटेनरांची रांग अडकली होती. टेम्पो हॉर्न मारत होता, कुणी हलत नव्हतं. मी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या गुडघ्यांखाली आणि डाव्या हातावर कातडी राहिली नव्हती, गळ्यापाशी फोड आले होते. ती शुद्धीवर होती. तात्या समोर बसले होते, दोन्ही हात तळवे वर करून मांडीवर ठेवलेले, त्यांतून पाणी गळत होतं. मोशीच्या पुढं गाडी धावायला लागली तेव्हा आई म्हणाली, "शेगडी गेली का गं?"

मी म्हटलं, "जाऊ दे ना आता शेगडी."

तात्यांनी डोकं गुडघ्यांत घातलं.

भाजलेल्या बाईचा जबाब पोलीस घेतातच. दुपारी एक हवालदारबाई आल्या. आईला मलमपट्टी केली होती, मोडलेल्या हाताला प्लास्टर होतं. तात्यांच्या हातांना बॉक्सिंगचे हातमोजे घालावेत तशा पट्ट्या होत्या आणि ते भिंतीला टेकून उभे होते. हवालदारबाई म्हणाल्या, "नवऱ्यानं बाहेर थांबावं."

आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्यांना हितंच."

"मावशी, तुम्हाला मोकळेपणानं बोलता यायला पाहिजे."

"मी मोकळंच बोलनार हाय. त्यांना ऐकू द्या."

चुलत्यांनी वाटेत फोन करून मला सांगितलं होतं, की आईला समजाव, सिलिंडर लीक होता म्हणून सांगू दे, घरातली गोष्ट घरात राहू दे. मी आईला तो निरोप दिला नव्हता. द्यायचा की नाही ते मला ठरवता आलं नव्हतं आणि आता ते ठरवायची वेळ निघून गेली होती.

हवालदारबाईंनी विचारलं, "कशानं भाजलं?"

आई तात्यांकडं पाहत बोलली. सावकाश, मध्ये खोकत. "माज्या मालकानं मला फुंकनीनं मारलं. हात मोडला. मग माजी गॅसची शेगडी अंगनात आनली आन् टाकीवर कुऱ्हाड घातली. त्यातनं गॅस आला. चूल पेटलेली व्हती, तिनं भडका घेतला. टाकीचा दोष न्हाई. शेगडीचा बी दोष न्हाई. मानसानं केलंय."

वॉर्डात कुणीतरी कण्हत होतं. हवालदारबाईंनी तात्यांना विचारलं, "हे खरंय?"

मी तात्यांचा चेहरा पाहिला. मला वाटलं होतं, ते ओरडतील किंवा बाहेर निघून जातील. ते आईच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते लहान मुलासारखे मोठ्यानं रडायला लागले. रडतच म्हणाले, "व्हय. ती बोलली ते समदं खरं हाय."

त्यांना पोलीस घेऊन गेले. केस झाली.

पुढचे दिवस आगीपेक्षा बरे होते असं म्हणता येणार नाही. ड्रेसिंग बदलायला नर्स आल्या, की आईचं ओरडणं जिन्यापर्यंत ऐकू यायचं. मांडीची कातडी काढून हातावर लावली. आणि रोज भावकीतलं कुणी ना कुणी यायचं. सफरचंदं आणायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि मग मुद्द्यावर यायचे. जबाब फिरव. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. पोरीचं लग्न कोण करील? तात्यांच्या एका चुलतभावानं तर सरळ दम भरला, की दवाखान्यातून बाहेर आल्यावर तुला घरात कोण घेतं बघतो.

आई त्याला म्हणाली, "घर मीच सारवलंय. मला कोन काढतंय ते मी बी बघते."

मला ती बाई नवीनच वाटत होती. पण रात्री ती झोपेत हात झाडायची, अंगावरचं काहीतरी झटकल्यासारखं, आणि त्यावेळी ती माझी जुनीच आई असायची.

आई घरी आली तेव्हा तात्या अजून कोठडीत होते. अंगणात काळा डाग होता आणि कुऱ्हाड पोलिसांनी पंचनाम्यात नेली होती. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून घेतला, आत गेली आणि स्वयंपाकघरातल्या चुलीपुढं उभी राहिली. मग मला म्हणाली, "पहार आन." मी म्हटलं, हात बरा होऊ दे. ती म्हणाली, "आन."

एक हात नव्या, गुलाबी, ताणलेल्या कातडीचा, दुसरा नुकता सांधलेला, तशाच हातांनी तिनं पहार धरली आणि चुलीवर घातली. पहिल्या घावाला टवका उडाला. ती घालत राहिली. चूल तिनं स्वतः बांधलेली, स्वतः सारवलेली होती आणि मजबूत होती. माती भिंतीवर उडत होती. कातडीला चीर पडली, पहारीवर रक्ताचे ओघळ आले. मी हात धरायला गेले तर तिनं अशा नजरेनं पाहिलं, की मी मागं सरले. चुलीचा भुगा झाल्यावरच ती थांबली. खोकत खाली बसली आणि म्हणाली, "आता ओटा बांधायचा हितं."

ओटा बांधला. नवी शेगडी आणली. पण ती लावायची वेळ आली तेव्हा आईच्यानं होईना. लायटर हातात घ्यायची आणि परत ओट्यावर ठेवायची. मी लावून द्यायचे आणि शिफ्टला जायचे. एजन्सीतून एक बाई आल्या. त्यांनी शेजारी उभं राहून तिला शिकवलं, आधी लायटरची ठिणगी, मग चावी. आई ते शंभर वेळा आयुष्यात करून बसली होती, तरी पहिल्यांदा शिकावं तसं शिकली. एका संध्याकाळी मी कंपनीतून आले तर घरात कांदा परतल्याचा वास होता आणि आई कढईसमोर उभी होती. तिनं मला पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी हात धुऊन कोथिंबीर निवडायला घेतली.

तात्या जामिनावर सुटले, पण घरात आले नाहीत. मळ्यातल्या कांद्याच्या वखारीशेजारी त्यांनी पत्र्याची खोली टाकली. जेवायला भावाकडं येतात, त्याच अंगणातून जातात. आईच्या दारासमोरून जाताना थांबत नाहीत. त्यांनी परत आईवर हात उगारला नाही. हात उगारण्याजोगे राहिलेही नाहीत, बोटं पुरती वळत नाहीत. ते हातांमुळं थांबले की मनानं थांबले, हे मला माहीत नाही आणि आईला विचारलं तर ती म्हणते, "मला काय करायचंय?"

आता मी नोकरीसाठी सांगवीला राहते. आईचं फुप्फुस गेलेलं परत आलं नाही. थंडीत तिला औषधाचा पंप ओढावा लागतो. केस खेडच्या कोर्टात अजून चालू आहे. तारखेला मी सुट्टी काढून जाते. गावातून त्या वेळेला एकच जीप सुटते, त्यामुळं आई आणि तात्या एकाच जीपनं येतात, आई पुढं, तात्या मागं. तात्यांचे वकील दर वेळी मिटवून घ्यायचं बोलतात. आई दर वेळी म्हणते, मी खरं सांगितलंय, ते परत घ्यायला काय ती उसनी साखर हाय?

गेल्या तारखेला आई आत सरकारी वकिलाशी बोलत होती. मी बाहेर व्हरांड्यात बसले होते. तात्या माझ्याजवळ येऊन उभे राहिले. आम्ही फारसं बोलत नाही. ते समोरच्या पार्किंगकडं पाहत म्हणाले, "तिला म्हनावं, नळी बदलून घे. रबर कडक झालं की चिरतंय. उंदीर बी कुरतडत्यात."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की."

ते वळून जिन्यानं खाली उतरले.

परतताना बसमध्ये मी आईला सांगितलं. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. म्हणाली, "बदलली. दिवाळीच्या आधीच बदलली."